खाडी पोहून आलेला पाहुणा



आज वांद्र्याच्या या सभागृहात येताना तुमच्यापैकी काही जणांनी समुद्र ओलांडला आहे. दादर, माटुंगा, माहीमकडून जे आले त्या सगळ्यांनी. बस माहीमच्या कॉजवेवर रेंगाळली असेल तर खिडकीतून खाडीचा वासही आला असेल. १८४५ पर्यंत तिथे रस्ता नव्हता. वांद्र्याला यायचे तर होडीत बसावे लागे, आणि पावसाळ्यात जीव मुठीत धरून बसावे लागे. पुढे जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि माहीमजवळ मुंबई बेट साष्टी बेटाला जोडले गेले. जोडले गेले आणि आपण विसरलो. रस्त्याखालून पाणी अजून तसेच येते-जाते आहे. तुम्ही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आला आहात. आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपरकडून जे आले, ते बेटाच्या आतूनच आले आहेत.

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, उष्ण कटिबंधातल्या बेटांवरची राष्ट्रीय उद्याने आणि ती कशी पाहावीत. त्यांना वाटले मी अंदमानबद्दल बोलणार. मी बोरिवलीबद्दल बोलणार आहे.

ही शब्दांची कसरत नाही, तपासून पाहा. कर्कवृत्त आपल्या बरेच उत्तरेला, गुजरातेतून जाते. आपण १९ अंशांवर, म्हणजे उष्ण कटिबंधात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला अरबी समुद्र. चहूकडे पाणी. साष्टी हे नाव षट्षष्टी, सहासष्ट गावे, यावरून आले असे मानतात. त्यांतली कितीतरी गावे अजून आहेत. या वांद्र्यातच चिंबई आहे, रनवार आहे, पाली आहे. आणि या बेटाच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याला १९५० साली कृष्णगिरी या नावाने सुरुवात झाली, मग ते बोरिवलीचे झाले, आणि आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. रिक्षावाला त्याला नुसते ‘नॅशनल पार्क’ म्हणतो, आणि ते बरे आहे. कारण ‘उद्यान’ या शब्दाने आपले नुकसान केले आहे. उद्यान म्हटले की डोळ्यांपुढे घसरगुंडी येते, बाक येतात, कारंजे येते. लहानपणी मला वडील तिथे घेऊन गेले ते वनराणीत बसवायला. त्या छोट्या आगगाडीतून उतरलो, भेळ खाल्ली, घरी आलो. पुढची कित्येक वर्षे मी सांगत असे की मी नॅशनल पार्क पाहिले आहे. मी काय पाहिले होते? उंबरठा. घर मागे होते.

आपल्यातली अनेक कुटुंबे अंदमानला जाऊन आली असतील. पोर्ट ब्लेअरजवळ वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ साली घोषित झालेले. तिथे जॉली बॉयला जायचे तर प्लास्टिक नेता येत नाही. ते बेटही वर्षभर खुले नसते. काही महिने जॉली बॉय, काही महिने रेड स्किन, म्हणजे एकाला विसावा देऊन दुसरे उघडायचे. मी तिथे गेलो तेव्हा आमच्या होडीतला प्रत्येक मराठी माणूस हे नियम आनंदाने पाळत होता. पोरांना गप्प बसवत होता. कागदाचा कपटा खिशात घालत होता. तीच माणसे, तीच आपण, रविवारी बोरिवलीला गेलो की असे वागतो का? मला वाटते, दूरच्या बेटावर आपण पाहुणे असतो आणि जवळच्या जंगलात मालक होऊन बसतो. आजचे माझे सगळे बोलणे या पाहुणेपणाबद्दल आहे.

या बेटावरचे पाहुणे फार जुने आहेत. कान्हेरी तुम्ही पाहिली असेल. सहल म्हणून पाहिली असेल, तर पुन्हा एकदा पाहा. कण्हगिरी म्हणजे काळा डोंगर. काळ्या बेसॉल्टमध्ये शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे खोदली गेलेली. शिलालेखांतून दाते दिसतात, कल्याणचे, सोपाऱ्याचे. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याची ‘पोढी’ दिली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. हा शब्द त्या लेखांतलाच आहे. विचार करा, व्यापारात चार पैसे मिळवलेला माणूस पुण्य कशात पाहत होता? पाण्याच्या टाक्यात! भर उन्हाळ्यात वर गेलात तर काही टाक्यांत आजही पाणी सापडेल. डोंगरउतारावर खोदलेले पाट बघा, पायऱ्यांच्या कडेने गेलेल्या पन्हळी बघा. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, हे त्या भिक्खूंनी अचूक जमवले होते. बेटावर राहणाऱ्याला हे जमवावेच लागते. भोवती समुद्र आहे, पण त्याचा घोटभरही पिता येत नाही.

आणि तिथले नव्वदावे लेणे. त्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत काही नावे कोरलेली आहेत. इसवी सन १००९ साली पारशी मंडळी तिथे येऊन गेली, पुन्हा १०२१ साली आली, आणि आलेल्यांनी आपली नावे, तारीख, साल लिहून ठेवले. हजार वर्षांपूर्वी, परधर्मीय माणसे, दुसऱ्यांचे पवित्र स्थान बघायला डोंगर चढून आली होती. या बेटावरच्या पर्यटकांची ही माझ्या माहितीतली सर्वांत जुनी हजेरी. आज कुणी भिंतीवर नाव कोरले तर मी त्याला अडवीन. पण ती हजारभर वर्षांपूर्वीची नावे पाहताना मला दरवेळी भरून येते. आपण आलो होतो, हे कुणाला तरी कळावे असे त्यांना वाटले.

पाण्याची गोष्ट तिथे संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई तहानेने हैराण झाली, तेव्हा इंग्रजांनी याच डोंगरांकडे पाहिले. १८५६ साली विहार तलावाचे काम सुरू झाले, १८६० मध्ये पाणी शहरात आले. तुळशी तलाव १८७९ चा. आज शहराच्या गरजेपुढे या दोघांचा वाटा अगदी लहान आहे, वैतरणा आणि भातसा आपल्याला पाजतात. पण मुंबईचा पहिला नळ या जंगलातून निघाला हे विसरून चालणार नाही. विहारच्या सांडव्याचे पाणी कुठे जाते? मिठी नदीत. पवईचेही तिच्यातच. सुमारे १८ किलोमीटर वाहत ती कुठे येते? इथे. वांद्र्याला. माहीमच्या खाडीत. आपल्या या सभागृहापासून फार लांब नाही. राष्ट्रीय उद्यान बोरिवलीत आहे असे आपण म्हणतो, पण ते रोज वाहत वाहत वांद्र्यापर्यंत येत असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री वांद्र्यातले कलानगर, भारतनगर, बेहरामपाडा पाण्यात होते. इथे बसलेल्यांपैकी काहींनी ते गळ्यापर्यंतचे पाणी पाहिले असेल. नदीला वाटेत आपण भिंतींमध्ये कोंडले होते. वरच्या जंगलाने धरून ठेवता येईल तेवढे पाणी धरले, आणि खाली नदीला पसरायला जागा नव्हती. त्या दिवशी तरी आपल्याला डोंगर आणि खाडी यांचे नाते कळायला हवे होते.

आता मी ज्या पाहुण्यासाठी हे व्याख्यान देतो आहे त्याच्याकडे येतो.

२००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. मोठा, वयस्क नर. त्याला बाहेर काढले, पिंजऱ्यात ठेवले. तो इतका शांत बसून राहिला की वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे नाव ठेवले आजोबा. गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. सगळ्यांना वाटले, तिथे एवढे जंगल आहे, तो तिथेच राहील. तो राहिला नाही. तो चालू लागला. पश्चिमेकडे. कसाऱ्याचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, गावांच्या, वस्त्यांच्या कडेकडेने गेला, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून गेला. रात्री चालायचे, दिवसा दडून राहायचे. वाटेत त्याने एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. तीन-चार आठवड्यांत सुमारे १२० किलोमीटर. आणि मग समोर वसईची खाडी आली.

तो पाण्यात उतरला आणि पोहून आपल्या बेटावर आला.

मित्रहो, ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे, तरी इथे आलो की थांबतो. आपण पुलांवरून येतो. तो पोहून आला. त्याला कुणी सांगितले होते की पाण्यापलीकडे जंगल आहे? काही संशोधकांना वाटते की तो कदाचित याच भागातला असावा, घरी परतला असावा. असेलही. माणूस जसा मे महिन्यात कोकणात जातो, तसे त्याच्या पायांना ती वाट ठाऊक असेल. १ डिसेंबर २०११ ला महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेने तो गेला. शरीरात बसवलेल्या चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आता मला सांगा, हा आजोबा आपल्याला एवढा महत्त्वाचा का वाटावा? एक बिबट्या आला काय, न आला काय?

याचे उत्तर मिळवायला जरा दूर जावे लागेल. पनामा कालवा खोदताना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक नदी अडवली, मोठा तलाव झाला, आणि त्यात एका डोंगराचा माथा बेट होऊन उरला. त्याचे नाव बारो कोलोराडो. जेमतेम १५ चौरस किलोमीटर. १९२३ पासून तिथे शास्त्रज्ञ राहतात, झाडन्‌झाड मोजतात. कुणी एक फांदी तोडत नाही, शिकार होत नाही. याहून चांगले रक्षण जगात क्वचितच कुठे असेल. तरीही काही दशकांत तिथून अनेक जातींचे पक्षी नाहीसे झाले. मारले कुणी नाहीत. पण थोडे होते ते कमी झाले, आणि कमी झाले त्यांच्या जागी पलीकडून नवे आले नाहीत. रानातल्या पाखराला मोकळे पाणी ओलांडण्याचे धाडस होत नाही. बेट लहान असले आणि येणे-जाणे थांबले, की आतले आयुष्य हळूहळू आटत जाते. १९६७ साली मॅकआर्थर आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी हाच हिशेब पुस्तकात मांडला. पुढे लोकांच्या लक्षात आले की बेट व्हायला पाणीच लागते असे नाही. भोवती शेते असली, इमारती असल्या, आठ पदरी रस्ता असला, तरी आतले जंगल बेटच होते.

म्हणजे आपल्याकडे बेटावर बेट आहे. साष्टी हे समुद्रातले बेट, आणि राष्ट्रीय उद्यान हे सिमेंटमधले. २०१५ च्या मोजणीत या जंगलात आणि आरेच्या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. एवढ्याशा जागेत ३५ ही संख्या मोठी आहे. पण बाहेरून एकही नवा आला नाही, तर ३५ ही संख्या फार लहान आहे. पाच पिढ्यांनी, दहा पिढ्यांनी काय होईल? म्हणून आजोबा महत्त्वाचा. तो एकटा आला नव्हता, तो नवे रक्त घेऊन आला होता. आणि त्याने आपल्याला वाट दाखवली. उद्यानाचा एक तुकडा वसईच्या खाडीच्या उत्तरेला आहे, त्याला नागला म्हणतात. नागल्याच्या पलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य, तिथून पुढे सह्याद्रीकडे जाणारी तुटक-तुटक रानपट्टी. या बेटाचा दरवाजा तो आहे. बोरिवलीचे प्रवेशद्वार आपल्यासाठी, नागल्याचे त्यांच्यासाठी. आपल्या दारावर तिकीटखिडकी आहे, फलक आहे, पहारा आहे. त्यांच्या दारावर दर वर्षी एखादी नवी भिंत, एखादा नवा रस्ता येतो. तुंगारेश्वर आणि नागल्याच्या मधून मोठा रस्ता जातो, रेल्वेमार्ग जातो, त्यांच्या कडेने गोदामे उभी राहिली. दक्षिणेकडे उद्यानाच्या पोटातून बोगदे निघत आहेत, गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली. डोंगरावरून रस्ता नेण्यापेक्षा खालून नेणे बरे, हे मी मान्य करतो. पण जमिनीखालच्या झऱ्यांचे काय होईल, याची उत्तरे कामे सुरू होण्याआधी लोकांसमोर यायला हवी होती. आणि जेवढी बुद्धी आपण स्वतःच्या वाटा वाचवायला खर्च करतो, तिचा दहावा हिस्सा नागल्याच्या वाटेसाठी खर्च केला, तर तिथे रानासाठी पूल किंवा भुयार बांधणे अवघड नाही. मध्य प्रदेशातल्या पेंचच्या रस्त्यावर उंच पूल बांधले, खालून वाघ जातात. ते आपल्या शेजारीच झाले आहे.

बिबट्या म्हटले की २००४ सालाची आठवण निघते, आणि ती निघायला हवी. त्या वर्षी या जंगलाच्या कडेला अनेक माणसे मारली गेली, त्यांत लहान मुले होती. त्या घरांचे दुःख कुठल्याही मोजणीने कमी होत नाही. पण पुढे अभ्यासातून काय दिसले? दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले जात होते. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात घाबरलेला प्राणी. वर कडेकडेने कचऱ्याचे ढीग, ढिगांवर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. पुढे आणून सोडणे थांबले. २०११ पासून वनविभाग, संशोधक आणि नागरिक यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ म्हणून एकत्र काम सुरू केले. कडेच्या वस्त्यांना सांगितले गेले की रात्री मुलांना एकटे बाहेर सोडू नका, दिवे लावा, कचरा उचला, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. हल्ले पुष्कळ कमी झाले. पूर्ण थांबले असे मी म्हणणार नाही.

हे शहाणपण नवे नाही. आरेच्या पाड्यांत जा. वारली कुटुंबे आहेत, कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत. तिथे वाघोबा आहे. वाघ आणि बिबट्या दोघांचाही तो एकच देव. वर्षातून एकदा त्याला पुजायचे आणि म्हणायचे, आम्हाला सांभाळ. ‘बा’ लावून हाक मारायची. तुमच्या लक्षात आले का? संशोधकांनी त्या बिबट्याला आजोबा म्हटले, वारल्यांनी त्याला वाघोबा म्हटले. दोघांनीही वडीलधाऱ्याचा मान दिला. उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा १९९७ चा न्यायालयाचा आदेश निघाला, तेव्हा पाड्यांतल्या या जुन्या रहिवाशांनाही अतिक्रमण करणाऱ्यांच्याच रांगेत उभे केले गेले. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. ज्यांच्याकडे या बेटावर बिबट्याबरोबर राहण्याची भाषा होती, त्यांनाच आपण परके ठरवत होतो.

मग जायचे कसे? हा प्रश्न तुम्ही शेवटी विचाराल, म्हणून आधीच सांगतो. एकट्याने पायवाटेवर शिरू नका. निसर्ग माहिती केंद्रात नाव नोंदवा, जाणकार माणसाबरोबर सिलोंड्याच्या वाटेने जा. सोमवारी उद्यान बंद असते, तो त्याचा विसाव्याचा दिवस आहे, त्याबद्दल कुरकुर करू नका. मोबाइलवर गाणी लावू नका, जंगल कान देऊन ऐका. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळ कस्तूर शीळ घालतो. त्याचा आवाज एखाद्या मुलाने सहज शीळ घालत जावे तसा असतो. आणि एक वही न्या. याच वांद्र्याच्या पाली हिलवर पक्षितज्ज्ञ सलीम अली अनेक वर्षे राहिले. त्यांनी आयुष्यभर जे केले ते वहीच्या जोरावर. काय दिसले, कुठे दिसले, किती वाजता. बघितलेले लिहून ठेवण्याची सवय लागली, की माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी जातो, आणि पुन्हा पुन्हा जाणाऱ्यालाच फरक दिसतो. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. या डोंगरांवर ती २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. आता २०३२. इथल्या पहिल्या रांगेत मला एक दहा-बारा वर्षांची मुलगी दिसते आहे. बाळ, तुझ्या वहीत ते साल आजच लिहून ठेव.

शेवटी एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी परवानगी घेऊन आम्ही पाच-सहा जण नागल्याच्या वाटेने गेलो होतो. सकाळची वेळ, ओहोटी. बरोबर वनखात्याचे एक वयस्क रक्षक होते, फार न बोलणारे. तिवरांच्या कडेला चिखल उघडा पडला होता, त्यात ते खाली वाकले आणि हाताने आम्हाला मागे थांबायची खूण केली. पावलांचे ठसे होते. चार बोटे, नखे न उमटलेली, गोल. एका रेषेत चिखलातून पाण्यापर्यंत गेलेले. आम्ही कडेकडेने बरेच अंतर शोधले. परत आलेले पाऊल कुठे नव्हते. समोर खाडी, खाडीपलीकडे साष्टीचे डोंगर, धुक्यात अर्धे दिसणारे. रक्षक उठले, हात झटकले, आणि पलीकडे बघत एवढेच म्हणाले,

“तिकडं गेला.”